कृष्णनगरच्या मातीच्या माणसांची नावं कुठे गेली?

रानजाई (धागाकर्ती)

पखाल खांद्यावर घेतलेला भिस्ती, कपड्यांचं गाठोडं घेतलेला धोबी, साहेबाचं मूल कडेवर घेतलेली आया, हुक्का भरणारा नोकर. वीतभर उंचीच्या, मातीच्या, रंगवलेल्या अशा आकृत्या कुठल्या ना कुठल्या संग्रहालयाच्या कपाटात तुम्ही पाहिल्या असतील. खाली पाटी असते: 'जातिप्रकार, बंगाल, एकोणिसावं शतक'. या आकृत्या बनल्या कुठे, कुणासाठी, आणि त्यांच्यातल्या माणसांचं पुढे काय झालं यावर बोलायला हा धागा काढतेय. विषय मोठा आहे. मला कृष्णनगरची माहिती जास्त आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. बाकीच्या ठिकाणांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

कृष्णनगर हे बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं जलंगी नदीकाठचं गाव. कोलकात्याच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर. त्यातली घूर्णी ही वस्ती पाल आडनावाच्या कुंभार घराण्यांची. अठराव्या शतकात नदियाचा राजा कृष्णचंद्र राय याने मूर्तिपूजेला, विशेषतः जगद्धात्रीच्या पूजेला मोठा आश्रय दिला आणि त्याच काळात इथले मूर्तिकार नावारूपाला आले, असं तिथली परंपरा सांगते. म्हणजे हात आधी देवीच्या मूर्तीवर बसलेला होता. कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी आले तेव्हा त्याच हातांकडे वेगळी मागणी आली.

फोटोग्राफी अजून यायची होती. बंगालात दहा-वीस वर्षं काढून मायदेशी परतणाऱ्या साहेबाला 'तिकडची माणसं कशी दिसतात' हे घरच्यांना दाखवायचं असे. कागदावर ते काम पाटणा, मुर्शिदाबाद, कलकत्त्याच्या चित्रकारांनी केलं, मातीत घूर्णीच्या पालांनी. घरातल्या नोकरांचे संचच्या संच बनायचे.

या कामाकडे मी गेली काही वर्षं एकाच प्रश्नातून बघतेय. मातीच्या त्या माणसासोबत नाव कुणाचं राहिलं? ज्याचा चेहरा आहे त्याचं, ज्याने घडवला त्याचं, की फक्त जातीचं आणि धंद्याचं? काळ पुढे सरकतो तसं उत्तर बदलत जातं.

अमेरिकेत सेलम बंदरात ईस्ट इंडिया मरीन सोसायटी नावाची जहाजी कप्तानांची संस्था १७९९ मध्ये स्थापन झाली. तिचं संग्रहालय आज पीबडी एसेक्स म्युझियममध्ये आहे. तिथे कलकत्त्याच्या बनियांचे, म्हणजे परदेशी जहाजांसाठी मालाचे व्यवहार बघणाऱ्या स्थानिक दलालांचे, माणसाच्या उंचीचे, खरे कपडे घातलेले मातीचे पुतळे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. आणि त्यांना नावं आहेत: राजकिसन मित्तर, दुर्गाप्रसाद घोष. जात किंवा धंदा सांगणारा नमुना म्हणून ते तिथे गेले नाहीत. ज्यांच्याशी व्यवहार झाला, ओळख झाली, त्या माणसांची आठवण म्हणून गेले.

आता १८८६ कडे या. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन भरलं. सुमारे ५५ लाख लोकांनी ते पाहिलं. तिथे हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुरुषभर उंचीचे मातीचे पुतळे उभे केले होते. आता घडवणाऱ्याचं नाव अहवालात येऊ लागलं होतं, जदुनाथ पाल हे त्यातलं सर्वांत मोठं. पण पुतळ्यात जो माणूस उभा आहे त्याचं नाव गेलं. तो 'एक संथाळ' झाला, 'एक नागा' झाला.

त्याच प्रदर्शनासाठी राखालचंद्र पाल याने निळीच्या कारखान्याची एक मोठी प्रतिकृती केली. ती आज लंडनजवळ क्यू इथल्या वनस्पतिसंग्रहात आहे. हौद, मजूर, देखरेख करणारे, सगळं बारकाईने घडवलेलं. मला या एका वस्तूवर थोडं थांबायचंय.

नदिया म्हणजे निळीच्या उठावाचा जिल्हा. रयतेला दादन, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची, भाताच्या चांगल्या जमिनीत नीळ पेरायला लावायची, पीक हाती आलं की भाव असा लावायचा की दादन कधी फिटूच नये. बापाच्या नावावरचं दादन मुलाच्या डोक्यावर. नकार दिला तर मळेवाल्यांचे लठैत, म्हणजे लाठीवाले गुंड, कोठीत कोंडणं, घरं जाळणं. १८५९ मध्ये नदियातल्याच चौगाछा गावी दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास यांच्या पुढाकाराने रयतेने नीळ पेरायचं नाकारलं आणि ते लोण बंगालभर पसरलं. १८६० मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्यापुढे फरीदपूरला मॅजिस्ट्रेट राहिलेल्या डी लातूर यांनी साक्ष दिली की माणसाच्या रक्ताचा डाग नसलेली निळीची एकही पेटी इंग्लंडला पोचत नाही. हा इंग्रज अधिकाऱ्याचाच जबाब आहे. त्याच वर्षी दीनबंधू मित्रांचं या विषयावरचं नाटक आलं. त्याचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिना कैद आणि १००० रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंहांनी भरला.

आणि पंचवीसेक वर्षांनी त्याच जिल्ह्यातला एक कारागीर निळीचा कारखाना घडवून लंडनला पाठवतो. त्यात काम आहे. दादन नाही, लठैत नाही, कोठीतली अंधारी खोली नाही. राखालचंद्राला मी दोष देत नाही. मागणी 'नीळ कशी बनते ते दाखवा' अशी होती, 'नीळ कशी पेरून घेतली ते दाखवा' अशी नव्हती. पण ती प्रतिकृती पाहताना हे सगळं ठाऊक असायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि महाराष्ट्रात असं काय काय आहे?

मोगरा

फार सुंदर लिहिलंय. निळीच्या उठावाचा आणि या बाहुल्यांचा जिल्हा एकच, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वाचतेय.

तांबटआळी

उत्तम धागा. पुण्याची बाजू मी मांडतो.

जॉर्ज बर्डवुड हे नाव या विषयात वारंवार येतं. माणूस बेळगावात जन्मलेला (१८३२), मुंबईच्या संग्रहालयाच्या पहिल्या काळात तिथे काम केलेला. हिंदुस्थानी हस्तकलांवरच्या त्यांच्या १८८० च्या ग्रंथात रंगीत मातीच्या आकृत्यांसाठी कृष्णनगर आणि लखनौच्या बरोबरीने पुण्याचंही नाव आहे. म्हणजे लंडनच्या वाचकाला पुणं या कामासाठी माहीत होतं. पुण्यात हे काम जिनगरांच्या हातात होतं. धातूकाम, रंगकाम, गणपती आणि इतर मूर्ती, सगळं करणारा हा समाज. पेशवाई गेल्यावर दरबारी आणि लष्करी कामं आटली, तेव्हा लष्कर भागातलं नवं गिऱ्हाईक त्यांना आधाराचं झालं असणार.

आता मला जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी जा. किल्ल्यावर मांडायची चित्रं दिसतील. (आम्ही त्यांना चित्रंच म्हणतो.) सिंहासनावरचे महाराज, भालदार, चोपदार, मावळे, तोफ, पण त्यांच्याबरोबर गवळण, भाजीवाली, जातं दळणारी बाई, विहिरीवर पाणी शेंदणारी, सापवाला, वाघ. धंद्यांच्या चित्रांचा तोच संच! फरक गिऱ्हाइकाचा. इथे तो आठ-दहा वर्षांचा मुलगा असतो, आणि भाजीवाली त्याला आपल्या आळीतली ओळखीची बाई वाटते. त्याला ती कुठल्याही जातीचा नमुना म्हणून हवी नसते, त्याच्या किल्ल्याखालचं गाव भरायला हवी असते.

त्यामुळे रानजाई, तुमच्या प्रश्नात मी भर घालीन. नाव कुणाचं राहिलं हे बघावंच, पण ती आकृती कुणाच्या घरात जाऊन बसली हेही बघावं.

शाडूवाला

आमचा घरचा गणपतीचा कारखाना आहे, पेणजवळ. मला तंत्राबद्दल विचारायचंय. इतक्या लहान आकृत्या, हाताची बोटं सुटी, काठी धरलेली, आणि त्या बोटीतून लंडनपर्यंत शाबूत कशा गेल्या? आमच्या शाडूत असं बारीक सुटं काम केलं तर वाळतानाच तडा जातो. भाजलेल्या असतात का कच्च्या? आत तार असते का?

रानजाई

@शाडूवाला, नेमकं विचारलंत. जलंगीच्या पात्रातली गाळाची माती बारीक आणि चिकट असते. चिकट माती आणि थोडी वाळूसर माती कामाप्रमाणे मिसळतात आणि मळताना कापसाचे तंतू घालतात, त्यामुळे माती धरून राहते, तडा जात नाही. लहान आकृतीत हातापायांसाठी बारीक तार. मोठ्या पुतळ्याला बांबू किंवा लोखंडाचा सांगाडा, त्यावर पेंढा बांधून मातीचे थर, दुर्गेच्या मूर्तीसारखेच. चेहरे पुष्कळदा साच्यातून काढतात, पण ओल्या मातीवर बांबूच्या चपट्या काडीने ओठ, पापण्या, सुरकुत्या नव्याने काढल्या की एकाच साच्यातले दोन चेहरे वेगळे होतात. खरं कसब तिथे असतं.

काही आकृत्या हलक्या भाजलेल्या, काही नुसत्या उन्हात वाळवलेल्या. वर खडूच्या मातीचा पांढरा हात, मग रंग. रंग धरायला चिंचोक्याची खळ.

शाडूवाला

चिंचोक्याची खळ! माझे आजोबा हेच वापरायचे. चिंचोके भाजून, साल काढून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. त्या खळीतला रंग उन्हाने उडत नाही, पण पाण्याचा थेंब लागला की संपलं. आता सगळे तयार रंग आलेत. बंगालात आणि कोकणात रंग धरायला एकच खळ वापरत होते हे वाचून फार बरं वाटलं.

कापूस आमच्याकडेही घालायचे, पण मोठ्या मूर्तीच्या सांध्याला. लहान कामात नाही. करून बघतो.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनला राहतो. सेलम इथून जवळ आहे, त्यामुळे त्या पुतळ्यांसमोर उभं राहायची संधी मिळालीय.

सर्वांत आधी जाणवतं ते त्यांचं वजन. कागदावरच्या चित्रात बनिया म्हणजे पांढऱ्या जाम्यातला एक लठ्ठ माणूस असतो. इथे तो खुर्चीएवढी जागा व्यापतो. चेहऱ्यावर खुशामत नाही. हिशेब माहीत असलेल्या माणसाची शांतता आहे.

त्यामागचं कारण व्यापारात आहे. अमेरिकी जहाजांची कलकत्त्यात इंग्रजांसारखी स्वतःची कोठी नव्हती. कप्तान बंदरात उतरला की गोदाम, उधारी, माल निवडणं, भाव ठरवणं, जहाज भरून देणं, सगळं बनिया करायचा. कप्तानाचा नफा त्याच्या शब्दावर अवलंबून असे. रामदुलाल दे हे त्यांतले सर्वांत मोठे. त्यांना अमेरिकी व्यापाऱ्यांनी मिळून १८०१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र भेट दिलं होतं. म्हणजे चेहरे दोन्ही बाजूंनी पाठवले जात होते. ज्याच्यावर राज्य करायचं त्याचा नमुना ठेवतात, ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याचं नाव लक्षात ठेवतात. सेलमच्या कप्तानांना बंगालवर राज्य करायचं नव्हतं.

आपण त्यांना फार मोठं करू नये. त्यांच्याच देशात तेव्हा गुलामगिरी होती, आणि सोसायटीच्या दालनात जगभरातून आणलेल्या चित्रविचित्र वस्तूंच्या गर्दीतच हे पुतळे ठेवले होते. तरीही पाटीवर नाव होतं, याला किंमत आहे.

देवगिरी

मला थोडा वेगळा सूर लावायचाय.

या चर्चेत आपण घूर्णीच्या कारागिराला नकळत साहेबाच्या हातातलं साधन करतोय. राजा कृष्णचंद्राने सांगितलं तर ती परंपरा, आणि साहेबाने सांगितलं तर ते विकृतीकरण, असं का? गिऱ्हाईक बदललं की काम बदलतं, हे प्रत्येक कलेत झालंय. घूर्णीचा कुंभार दुर्गा, सरस्वती घडवत होता, त्या वेळी त्याला समोरच्या शेतकऱ्याचा चेहरा घडवायला कुणी पैसे देत नव्हतं. नवीन गिऱ्हाइकाने ती वाट उघडली. भिस्ती, धोबी, कोळीण, संन्यासी, भीक मागणारा म्हातारा, यांना आपल्या शिल्पात इतक्या संख्येने, इतक्या जवळून जागा याआधी कधी मिळाली होती? आपल्या मंदिरांवर कामकरी माणूस आहे, पण देवतेच्या आजूबाजूला. इथे तो एकटा मध्यभागी उभा आहे.

दुसरं, कौशल्य. तेव्हाच्या प्रदर्शनांत या कामाला ललितकलेत बसवत नव्हते. ते 'मातीचे नमुने' नाहीतर 'खेळणी'. ज्या बर्डवुड साहेबांचं नाव वर आलंय त्यांनीच लिहून ठेवलंय की ललितकला म्हणून शिल्प आणि चित्र हिंदुस्थानात नाहीतच. पुढे १९१० मध्ये लंडनच्या सभेत बुद्धमूर्तीला चरबीच्या उकडलेल्या पुडिंगची उपमा देणारे तेच. आणि युरोपीय समीक्षकांना या आकृत्यांचं खरं कापड आणि खरे केस खटकायचे. आपल्याकडे देवाला वस्त्र नेसवतात, दागिने घालतात, ती रीत कुंभाराने माणसाला लावली. मला यात कमीपणा दिसत नाही. देवाचा मान माणसाला दिला असं दिसतं.

म्हणून 'नाव गेलं' या दुःखाबरोबर चेहरा राहिला, हेही मांडा.

रानजाई

@देवगिरी, देवाची वस्त्रं माणसाला, हे फार मोलाचं बोललात. मी तसा विचार केला नव्हता, आणि तो मला पटतो.

पण कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये १८६० नंतर एक तिसरा माणूस आला, त्याला विसरून चालणार नाही. तो म्हणजे मोजणी करणारा. सेलमच्या कप्तानाला ओळखीचा माणूस हवा होता, आधीच्या साहेबाला आठवण हवी होती, या तिसऱ्याला वर्गवारी हवी होती. १८६६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत जोसेफ फेरर यांनी सुचवलं होतं की निरनिराळ्या जमातींची जिवंत माणसंच आणून कप्प्याकप्प्यांत बसवून प्रदर्शन भरवावं. ते घडलं नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानच्या लोकांचे फोटो आठ खंडांत छापले. रिस्ली नावाचे इंग्रज अधिकारी लोकांच्या नाकाची मापं घेत हिंडले, त्यांचे बंगालच्या जातीजमातींवरचे खंड १८९१ चे. १८८३-८४ चं कलकत्त्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, १८८६ चं लंडन, १८८८ चं ग्लासगो, या सगळ्यांना माणसांचे नमुने हवे होते. माती माप दाखवू शकते, रंग दाखवू शकते आणि अन्न मागत नाही. जदुनाथ पालांचं कसब त्या यंत्रणेत गेलं.

जिवंत माणसंही सुटली नाहीत. १८८६ च्या त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरांना आणून अंगणात कामाला बसवलं होतं. विणकर, तांबट, कुंभार. 'राजवाड्याचे कारागीर' म्हणून लोक त्यांना बघायला यायचे, आणि त्यांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते, तिथेच त्यांनी काम शिकलं होतं. त्यांत आग्र्याचा एक कुंभार होता, बक्शीराम. वय १०२ सांगत. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून या कारागिरांची चित्रं काढून घेतली. बक्शीरामचं चित्र आजही ऑस्बोर्न हाउसमध्ये आहे. सुरकुत्यांचा चेहरा, पांढरी दाढी, अतिशय मायेने काढलेलं. इथे नाव राहिलं! राणीला चित्र आवडलं म्हणून राहिलं.

आणि त्याच प्रदर्शनाच्या कामावर सरकारी नोकर म्हणून गेलेले त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय. बंगालीतले मोठे कथाकार, हस्तकलांचे जाणकार. कृष्णनगरच्या आकृत्यांमधल्या जिवंतपणाचं, त्यांच्या उभं राहण्या-वळण्याचं त्यांनी १८८८ च्या ग्रंथात मनापासून कौतुक केलंय. आपल्या युरोपप्रवासाच्या वर्णनात मात्र प्रदर्शनातले प्रेक्षक आपल्याकडेच कसे टक लावून बघत होते, हेही त्यांनी लिहिलंय. ज्या माणसाने मातीचे पुतळे मांडायला मदत केली त्याच्याकडे पुतळ्यासारखं बघितलं गेलं. तेव्हा चेहरा राहिला हे खरं, पण कुणाच्या नजरेसाठी राहिला हेही तितकंच खरं.

भुलाबाईची_गाणी

मी अकोल्याची. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसतात. भुलोजी, भुलाबाई आणि गणेश, मातीचे, चटक रंगांचे. पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात, खिरापत ओळखतात. पोळ्याला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग. ही सगळी मातीची चित्रं पाण्यात जातात किंवा मोडतात, आणि पुढच्या वर्षी कुंभारदादा नवीन करून देतात.

मला साहेबांसाठी केलेल्या आकृत्यांत सर्वांत मोठा बदल तोच वाटतो. माती टिकवायची हे नवीनच. आमच्या भुलाबाईवर कुणा कुंभाराचं नाव नसतं, पण तो चोरीला गेलेला हक्क वाटत नाही, कारण गावात सगळ्यांना माहीत असतं चित्रं कुणाकडची, आणि त्याला शिधा पोचतो. नाव हरवतं ते वस्तू गावाबाहेर गेल्यावर आणि टिकल्यावर. काचेच्या कपाटात शंभर वर्षं राहिलेल्या वस्तूला नाव लागतंच, कारण आता विचारायला शेजारीपाजारी नाहीत.

तांबटआळी

@भुलाबाईची_गाणी, किती नेमकं. किल्ल्यावरची चित्रंही तशीच, तुळशीच्या लग्नापर्यंत अर्धी फुटलेली.

राणीबाग_फेरी

मुंबईचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. नाना शंकरशेट, भाऊ दाजी अशा मंडळींनी खपून उभं केलेलं. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. प्राणी बघायला आलेली कुटुंबं तिथे शिरतात आणि मातीच्या लहान माणसांसमोर रेंगाळतात. मुंबई इलाख्यातल्या निरनिराळ्या समाजांच्या जोड्या, त्यांचे पोशाख, पागोट्यांचे प्रकार, कामधंदे, ग्रामीण देखावे. यांतलं बरंचसं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. तेव्हा जे.जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स संग्रहालयाचे क्युरेटर होते, त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न आले, आणि या दोघांच्या काळात ही प्रारूपं आणि देखावे तयार करवून घेतले गेले.

बघा काय झालं. सेलममध्ये ज्याचा चेहरा त्याचं नाव. लंडनला ज्याचे हात त्याचं नाव. मुंबईत करवून घेणाऱ्याचं. ज्यांनी ही पागोटी मातीत बांधली, लुगड्याचा काष्टा नखाएवढ्या जागेत बरोबर घडवला, ते इथल्याच मातीतले कारागीर, आणि लोकांच्या तोंडी नाव येतं ते क्युरेटर साहेबाचं.

पण मी तिथे तासन्‌तास उभा राहिलोय आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. काष्टा बरोबर आहे. कोळणीचं लुगडं कोळणीसारखंच घट्ट, ब्राह्मणीचं तिच्यासारखं. हे मापं घेणाऱ्या साहेबाला दिसलं नसतं. हे घरी आईला, मावशीला नेसताना पाहिलेल्या माणसाचं काम आहे. वर्गवारी साहेबाची, पण आतली माहिती कारागिराची. देवगिरींचं म्हणणं मला इथे सर्वांत जास्त पटतं.

देवगिरी

@राणीबाग_फेरी, धन्यवाद. हाच माझा मुद्दा होता, तुम्ही जास्त चांगला मांडलात. आणि त्याच शहरात, त्याच काळात, गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' (१८९६) केली. नऊवारीतली मराठी मुलगी, पूजेला निघालेली. ते काम 'शिल्पकला' ठरलं, म्हात्र्यांना नाव मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण संग्रहालयाच्या कपाटातली वीतभर कोळीण 'प्रारूप' ठरली. कलाशाळेतलं शिक्षण, आकार आणि माध्यम, एवढ्यावर एकाचं नाव राहिलं आणि दुसऱ्याचं गेलं.

चार्ल्सकाठ

लखनौबद्दल कुणी लिहील का? मी पाहिलेल्या लखनौच्या आकृत्या भाजलेल्या होत्या आणि कपडेही मातीचेच घडवलेले. कृष्णनगरच्या खऱ्या कापडापेक्षा वेगळी शिस्त वाटली.

रानजाई

हो, लखनौकडे पुष्कळदा सगळंच मातीत, घड्या, दुपट्टे, पगड्यांचे पेच. त्यामुळे त्या टिकल्याही बऱ्या. कापड आणि केस लावलेल्या कृष्णनगरच्या आकृत्यांना कीड लागते, कापड विरतं, आणि काही संग्रहांत मूळ कपडे बदलले गेलेत. आणखी माहिती असणाऱ्याने लखनौवर वेगळा धागा काढावा, मी नक्की वाचेन.

@राणीबाग_फेरी, तुमची पोस्ट वाचून मी पुढच्या मुंबई फेरीत आधी तिथेच जाणार. काष्ट्याचा मुद्दा कृष्णनगरलाही लागू आहे. मासे धुणारी बाई टोपली धरून वाकते तेव्हा तिच्या पाठीचा कणा आणि टाचेवर आलेला भार ज्याने रोज जलंगीच्या घाटावर पाहिलाय त्यालाच येतो.

मोगरा

एक व्यावहारिक प्रश्न विचारू का? घूर्णीला आजही हे काम चालतं का? डिसेंबरात कोलकात्याला जाणार आहोत.

रानजाई

@मोगरा, चालतं. सियालदहहून कृष्णनगर सिटी जंक्शनची लोकल मिळते, स्टेशनवरून टोटो (बॅटरीवरची रिक्षा) घेऊन घूर्णीच्या पुतुलपट्टीत सांगा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि मागे कार्यशाळा आहेत. दुकानातून घाईने घेऊन निघू नका, मागे काम करणाऱ्यांशी बोला, ते आनंदाने दाखवतात. भाज्या-फळं, देवदेवता, रवींद्रनाथ, विवेकानंद सगळं मिळेल, पण जुन्या पद्धतीची खेड्यातली माणसं मागा. बाऊल गायक, शेतकरी, विणकर. कोलकात्यातच राहणार असाल तर कुमारटुलीही बघा, तिथल्या मूर्तिकारांची कितीतरी घराणी मूळची कृष्णनगरकडची.

मोगरा

खूप आभार ताई. आणि आणल्यावर जपायच्या कशा? आम्ही रत्नागिरीला राहतो, पावसाळ्यात घरात सगळ्याला बुरशी येते.

शाडूवाला

याचं उत्तर मी देतो, आमचा रोजचा विषय आहे.

ओलं फडकं अजिबात लावू नका. रंग खळीतला असेल तर एका पुसण्यात चेहरा जाईल. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने, वरून खाली, हलक्या हाताने. थेट ऊन नको, भिंतीला टेकवून ठेवू नका, कोकणात भिंत पावसाळ्यात पाझरते. काचेच्या कपाटात ठेवा पण आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका आणि ती दर पावसाळ्यात बदला. कापड किंवा केस लावलेली आकृती असेल तर महिन्यातून एकदा कसर लागली का बघा. बोट तुटलं तर तुकडा कागदात गुंडाळून जपून ठेवा, घरी चिकटवू नका, जवळच्या मूर्तिकाराकडे न्या. विमानाने आणणार असाल तर सामानात टाकू नका, हातात घ्या, आणि गुंडाळताना हातापायांच्या मधल्या पोकळ्या आधी कापसाने भरा, मग बाहेरून कागद. बाहेरून घट्ट आणि आतून पोकळ राहिली की तिथेच मोडते.

मोगरा

लिहून घेतलं. डिसेंबरात जाऊन आले की फोटो इथेच टाकते.